मेलव्हिल ‘उपेक्षित’ होता का? आधी त्याची खतावणी उघडू

प्रश्न असा आला आहे: “‘मोबी-डिक’ लिहिणारा हर्मन मेलव्हिल जिवंतपणी पूर्ण अपयशी ठरला, कस्टम्समध्ये कारकुनी करत मेला आणि तीस वर्षांनी अचानक थोर ठरला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे कितपत खरं? त्याच्या आयुष्याबद्दल नीट सांगाल का? आणि वाचायचा तर कुठून सुरू करू?”

कस्टम्सची नोकरी खरी. बाकीची गोष्ट सांगता सांगता गुळगुळीत झालेली आहे. मी अठ्ठावीस वर्षं एम.ए.च्या वर्गाला अमेरिकन कादंबरी शिकवली आणि दर वर्षी पहिल्या तासाला हीच कथा पोरांच्या तोंडून ऐकली. आपल्याकडे ती पटतेही लगेच. जिवंतपणी विचारलं नाही आणि मेल्यावर पुतळे उभारले, हा आपला ओळखीचा साचा आहे. पण मेलव्हिल त्यात बसत नाही. त्याला सव्विसाव्या वर्षी लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्याची पुस्तकं निघत होती. वाचकांना तेच पुन्हा हवं होतं आणि ते द्यायला हा तयार नव्हता, भांडण एवढंच. ते कसकसं होत गेलं हे समजायला समीक्षेच्या ग्रंथांपेक्षा जमाखर्च जास्त कामाला येतो. म्हणून मी त्याचं आयुष्य नेहमी पैशाच्या बाजूने सांगतो.

जन्म १ ऑगस्ट १८१९, न्यू यॉर्क. घराणं नावाजलेलं. एक आजोबा १७७३च्या बॉस्टन टी पार्टीत, म्हणजे इंग्रजांचा चहा समुद्रात फेकणाऱ्यांत होते, दुसरे स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी पीटर गान्सव्होर्ट. वडील फ्रान्सहून उंची कापड वगैरे माल आणून विकायचे आणि घर कर्जावर श्रीमंत होतं. १८३०मध्ये धंदा बुडाला, कुटुंब ऑल्बनीला गेलं, आणि जानेवारी १८३२मध्ये वडील भ्रमिष्ट अवस्थेत वारले. आठ भावंडांतला हर्मन तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळा सुटली. बँकेत उमेदवारी, मग थोरल्या भावाच्या फरच्या टोप्यांच्या दुकानात काम. १८३७च्या मंदीत तेही दुकान बसलं. काही महिने खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली, मग कालव्यावर काम मिळेल या आशेने मोजणीचं शिक्षण घेतलं. काम मिळालं नाही.

१८३९मध्ये तो ‘सेंट लॉरेन्स’ या मालवाहू जहाजावर पोऱ्या म्हणून चढला आणि लिव्हरपूलला जाऊन आला. दहा वर्षांनी या सफरीवर त्याने ‘रेडबर्न’ लिहिली. त्या कादंबरीतलं एक प्रकरण मी वर्गात आवर्जून वाचून दाखवायचो. लिव्हरपूलच्या गोदीत ‘इरावडी’ नावाचं जहाज उभं आहे, आणि ते मुंबईचं आहे. हिंदुस्थानात बांधलेलं, सागवानाचं, कापूस घेऊन आलेलं. त्यावर चाळीस-पन्नास लस्कर, म्हणजे हिंदी खलाशी, अंगावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या. आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारा त्यांचाच देशबांधव, एक सारंग, लाल लष्करी कोट घालून. काथ्याचे दोर, परक्या लाकडाचा वास, सगळं तो पोरगा बारकाईने बघतो. एका लस्कराशी गप्पा मारतो आणि आपल्याला केवढं नवीन कळलं म्हणून हरखून जातो. ज्या काळी बहुतेक गोऱ्या लेखकांच्या लेखी लस्कर म्हणजे जहाजावरचं सामान होतं, त्या काळी हा त्याला प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेतो. मेलव्हिलची ही खोड पुढे ‘मोबी-डिक’पर्यंत टिकली.

परत आल्यावरही कामाची बोंबच होती. ३ जानेवारी १८४१ला तो फेअरहेवन बंदरातून ‘अकुश्नेट’ या व्हेलिंग जहाजावर, म्हणजे तेलासाठी व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजावर निघाला. पगार नाही, वाटा. आपल्याकडे मासेमारीच्या बोटीवर धरलेल्या मासळीच्या पैशातून खलाशांना वाटा मिळतो, तशीच रीत. फक्त मेलव्हिलचा वाटा होता नफ्याचा एकशे पंचाहत्तरावा भाग. तोही तीन-चार वर्षांनी जहाज तेल भरून परत आल्यावर मिळणार, आणि दरम्यान जहाजावरून घेतलेले कपडे, तंबाखू यांची वजावट होणार. हा आकडा लक्षात ठेवा. ‘मोबी-डिक’मध्ये गोष्ट सांगणाऱ्या इश्माएलला नोकरीला ठेवताना जहाजाचे दोन म्हातारे मालक त्याच्या वाट्यावरून घासाघीस करतात, सातशे सत्त्याहत्तरावा भाग की तीनशेवा. तो प्रसंग विनोदी आहे, पण लिहिणाऱ्याने स्वतः कधीकाळी अशाच कागदावर सही केलेली होती.

दीड वर्षात तो कंटाळला. जुलै १८४२मध्ये मार्केसास बेटांतल्या नुकु हिवावर टोबी ग्रीन नावाच्या सोबत्यासह पळून गेला. तैपी लोकांच्या दरीत जवळपास महिनाभर राहिला. ते नरभक्षक असल्याची वदंता होती; याला त्यांनी खाऊपिऊ घातलं. तिथून ‘ल्युसी अ‍ॅन’ या जहाजावर, तिथे खलाशांनी काम नाकारलं म्हणून ताहितीत कैद, मग आणखी एक व्हेलिंग जहाज, मग हवाई. होनोलुलूत काही दिवस बोलिंगच्या खेळात पडलेल्या बाहुल्या उभ्या करायचं काम केलं. शेवटी ऑगस्ट १८४३मध्ये अमेरिकन नौदलाच्या ‘युनायटेड स्टेट्स’वर साधा खलाशी म्हणून भरती झाला आणि ऑक्टोबर १८४४मध्ये बॉस्टनला उतरला. वय पंचवीस, खिसा रिकामा, डोक्यात चार वर्षांचं भांडवल.

घरी बहिणींना सांगितलेल्या तैपींच्या गोष्टींतून ‘टायपी’ हे पहिलं पुस्तक झालं. थोरला भाऊ गान्सव्होर्ट तेव्हा लंडनला अमेरिकन वकिलातीत होता. त्याने हस्तलिखित जॉन मरे या प्रकाशकाकडे नेलं. मरे कादंबऱ्या छापत नसे, खरी प्रवासवर्णनं छापायचा. हे खरं आहे ना, या शंकेने तो सारखा खात्री मागत राहिला. १८४६मध्ये पुस्तक निघालं आणि गाजलं. टीकाकार म्हणू लागले की हे बनवलेलं आहे. आणि मग न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात चक्क टोबी ग्रीन उगवला आणि त्याने वर्तमानपत्रात सांगितलं की मी जिवंत आहे, आम्ही दोघं पळालो होतो. कुठल्याही प्रकाशकाला याहून चांगली जाहिरात सुचली नसती. गंमत अशी की मरेची शंका अगदीच फोल नव्हती: पुस्तकातला मुक्काम चार महिन्यांचा आहे, खरा एकाचा. त्यात इतरांच्या पुस्तकांतली माहितीही सढळ हाताने घेतलेली आहे. अमेरिकेत मात्र वेगळीच अडचण निघाली. मिशनऱ्यांवरची टीका झोंबल्यामुळे प्रकाशकाने त्याच वर्षी काटछाट केलेली आवृत्ती काढली. भाऊ बिचारा हे यश फार बघू शकला नाही. मे १८४६मध्येच लंडनला वारला.

१८४७मध्ये ‘ओमू’ आलं, तेही खपलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ शॉशी लग्न झालं. तिचे वडील लेम्युएल शॉ मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश. या सासऱ्यांना मेलव्हिलच्या चरित्रात जेवढं श्रेय मिळायला हवं तेवढं मिळत नाही, असं माझं मत. घराला पैसे, प्रवासाला पैसे, अडीनडीला पैसे. जावई काय लिहितो यात फारशी ढवळाढवळ नाही. बहिणी आणि बायको हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करायच्या, कारण त्याचं अक्षर छापखान्याला लागणारं नव्हतं. डोळेही अधू होते. शेक्सपिअर त्याने नीट वाचला तो १८४९च्या सुरुवातीला, मोठ्या टायपाची आवृत्ती हाती लागली तेव्हा. माझे डोळे चिमणीच्या पिलांसारखे नाजूक आहेत, असं त्याने मित्राला लिहिलं. ‘मोबी-डिक’मध्ये पांढऱ्या व्हेलचा सूड घ्यायला निघालेला कॅप्टन एहॅब मधूनच नाटकातल्यासारखा बोलायला लागतो, त्याचं मूळ त्या मोठ्या टायपात आहे.

आता ठिणगी पडते. तिसरं पुस्तक ‘मार्डी’, १८४९. वाचकांना वाटलं पुन्हा बेटं, पुन्हा पोरी, पुन्हा साहस. पुस्तक तसंच सुरू होतं आणि बघता बघता रूपक, तत्त्वज्ञान, राजकीय उपहास यांच्या समुद्रात भरकटतं. मी ते दोनदा पूर्ण वाचलं आहे आणि तिसऱ्यांदा वाचणार नाही. पुस्तक पडलं. घरात तान्हं मूल होतं. त्याने त्याच उन्हाळ्यात काही महिन्यांत दोन पुस्तकं हातावेगळी केली: ‘रेडबर्न’ आणि नौदलातल्या फटक्यांच्या शिक्षेवर कोरडे ओढणारं ‘व्हाइट-जॅकेट’. दोन्ही चांगली आहेत, खपलीही. पण त्याने सासऱ्यांना पत्रात लिहिलं की ही दोन कामं मी पैशासाठी केली, लोक लाकडं फोडायला जातात तशी. आपल्याला कशाने पैसे मिळतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं, याचा याहून सरळ पुरावा नाही.

१८५०च्या फेब्रुवारीत लंडनहून परतल्यावर त्याने व्हेलच्या शिकारीवरचं पुस्तक हाती घेतलं. ५ ऑगस्टला मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्युमेंट माउंटनवर लेखक-प्रकाशकांची सहल गेली होती. तिथे त्याची कथा-कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नशी गाठ पडली. हॉथॉर्न पंधरा वर्षांनी मोठा, अबोल, घुमा. मेलव्हिलने लगोलग त्याच्या कथांवर टोपणनावाने लांबलचक लेख लिहिला आणि त्याला शेक्सपिअरच्या पंगतीला नेऊन बसवलं. सप्टेंबरमध्ये सासऱ्यांकडून तीन हजार डॉलर घेऊन हॉथॉर्नच्या घरापासून काही मैलांवर, पिट्सफील्डला शेत विकत घेतलं. शेताचं नाव अ‍ॅरोहेड. पुढच्या वर्षी एका परिचिताकडून आणखी दोन हजारांवर कर्ज काढलं, तेही सासऱ्यांना न सांगता.

एप्रिल १८५१मध्ये, ‘मोबी-डिक’ संपत आलेलं असताना, त्याने हार्पर अँड ब्रदर्स या आपल्या न्यू यॉर्कच्या प्रकाशकांकडे आगाऊ रक्कम मागितली. हार्परने हिशोब पाठवला: तुमच्याच नावावर आमचे जवळपास सातशे डॉलर निघतात. आगाऊ रक्कम नाही. माझ्या मते अमेरिकन साहित्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात बोलकं पत्र आहे. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात त्याने हॉथॉर्नला लिहिलं की मला जे लिहावंसं वाटतं त्याला पैसे मिळत नाहीत आणि दुसऱ्या तऱ्हेने लिहिणं मला जमत नाही, म्हणून माझी सगळी पुस्तकं खिचडी होतात. ते पत्र नेहमी सुटं उद्धृत होतं. हार्परच्या हिशोबाशेजारी ठेवून वाचलं की ते हळवं वाटत नाही, जमाखर्चाच्या वहीतली नोंद वाटतं.

पुस्तक आधी लंडनला निघालं: १८ ऑक्टोबर १८५१, रिचर्ड बेंटली, तीन खंड, नाव ‘द व्हेल’, प्रती ५००. न्यू यॉर्कला हार्परने ‘मोबी-डिक’ काढलं ते १४ नोव्हेंबरला, दीड डॉलर किंमतीला. आधी लंडन का, तर तेव्हा दोन देशांत स्वामित्वहक्काचा करार नव्हता; इंग्लंडमध्ये हक्क सांगायचा तर आधी तिथे छापावं लागे. आणि इथेच घात झाला. इंग्लिश आवृत्तीत धर्म आणि राजघराण्याबद्दलच्या टोचणाऱ्या जागा कापल्या होत्याच, पण शेवटचं उपसंहाराचं पानही गळलं होतं. तेच पान, ज्यात इश्माएल शवपेटीला धरून जिवंत राहतो. ते नसलं की जहाज सगळ्यांसकट बुडतं आणि गोष्ट सांगणारा मेलेला असतो. लंडनच्या परीक्षणांत खवचटपणे विचारलं गेलं की मग ही हकिकत सांगितली कुणी? त्यातली काही परीक्षणं अमेरिकन पत्रांनी उचलून छापली, आणि तिथल्या वाचकांच्या हातातल्या पुस्तकात उपसंहार असूनही त्यांनी ती वाचली.

सगळी परीक्षणं वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. पण खप मंदावत गेला. मेलव्हिलच्या हयातीत अमेरिकेत सुमारे ३,२०० प्रती गेल्या आणि हार्परकडून त्याला एकूण मिळाले ५५६ डॉलर. डिसेंबर १८५३मध्ये हार्परच्या इमारतीला आग लागली, त्यात न खपलेल्या प्रतीही जळाल्या. आयुष्यभराच्या सगळ्या पुस्तकांची कमाई जेमतेम दहा हजार डॉलरच्या घरात जाते. शेत तीन हजारांहून अधिकचं होतं, हे लक्षात घ्या.

‘मोबी-डिक’नंतर एखादा शहाणा माणूस पुन्हा बेटांवर गेला असता. याने १८५२मध्ये ‘पिएर’ लिहिली. सावत्र बहिणीच्या नात्याचा गुंता, आईशी लाडीक बोलणं, मध्येच प्रकाशकांवर उपहास. हार्परने या वेळी आधीपेक्षा कमी पैशांचा करार पुढे केला होता. न्यू यॉर्कच्या एका पत्राने थेट ‘हर्मन मेलव्हिल वेडा’ अशा अर्थाचा मथळा दिला. पुस्तक पार आपटलं, आणि खरं सांगायचं तर ते आपटण्यासारखंच आहे, जरी मधली शंभरेक पानं विलक्षण असली तरी.

यानंतर तो मासिकांकडे वळला. ‘पटनम्स मंथली’ पानाला पाच डॉलर द्यायचं. १८५३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यात लेखकाच्या नावाशिवाय ‘बार्टलबी’ आली. इथे जरा थांबतो, कारण ही कथा मी बारा-पंधरा वर्षं वर्गात भाषांतराला द्यायचो.

वॉल स्ट्रीटवरचा एक वकील. त्याच्याकडे दस्तऐवजांच्या हाताने नकला करणारे लेखनिक. बार्टलबी हा नवा. सुरुवातीला रात्रंदिवस नकला करतो. एके दिवशी वकील नक्कल ताडून बघायला बोलावतो आणि हा मऊ आवाजात म्हणतो, “आय वुड प्रिफर नॉट टु.” पुढे नकलाही थांबवतो, पण कचेरीतून जात नाही. गोष्ट एवढीच. या चार-पाच शब्दांचं मराठी काय?

‘नाही करणार’ म्हटलं की भांडण झालं, आणि बार्टलबी भांडत नाही. ‘मला नाही जमायचं’ म्हटलं की सबब झाली, आणि त्याला सगळं जमतं. ‘माझी इच्छा नाही’ म्हटलं की मन आलं, आणि त्याचं मन आपल्याला कुठेच दिसत नाही. नुसतं ‘नको’ सुंदर आहे, पण ‘नको’ आपण चहाला म्हणतो. एका विद्यार्थिनीने एकदा ‘न केलेलं बरं’ सुचवलं आणि वर्ग गप्प झाला. वाक्यात कर्ताच नाही. कोण नाकारतंय हे कळत नाही, म्हणून उलट वार करायला जागा राहत नाही. अगदी बार्टलबी. पण मग दुसरी अडचण लक्षात आली. कथेत पुढे कचेरीतले बाकीचे लोक, खुद्द वकीलही, नकळत हा ‘प्रिफर’ शब्द वापरायला लागतात आणि दचकतात. म्हणजे शब्द असा हवा की जो कचेरीत एरवी कुणी वापरत नाही आणि लागण झाल्यासारखा पसरेल. ‘बरं’ तर आपण दिवसातून शंभरदा म्हणतो; त्याची लागण कुणाला जाणवणार? ‘मी ते न करणं पसंत करीन’ हे अवघडलेलं आहे, पण ‘पसंत’ची लागण दिसते. मी दर वर्षी मत बदललं. सध्या ‘पसंत’च्या बाजूने आहे.

लिहायला नकार देणाऱ्या लेखनिकाची गोष्ट त्याने ‘पिएर’ आपटल्यावर वर्षभराने लिहिली. लोक यात थेट आत्मचरित्र बघतात. मला ते पूर्ण पटत नाही. त्या काळात मेलव्हिल स्वतः दणकून लिहीत होता. ‘बेनिटो सेरेनो’ ही गुलामांच्या जहाजावरच्या बंडाची दीर्घकथा १८५५ची. तीही वाचाच, आणि अमेरिकन कॅप्टनच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, एवढंच आधी सांगतो.

‘द कॉन्फिडन्स-मॅन’ ही शेवटची कादंबरी १ एप्रिल १८५७ला आली, गोष्टही एप्रिल फूलच्याच दिवशी एका मिसिसिपीवरच्या आगबोटीत घडते. वाचक उरले नव्हते. त्याआधीच, ऑक्टोबर १८५६मध्ये, सासऱ्यांच्या पैशाने तो युरोप आणि पॅलेस्टाइनला निघाला होता. हॉथॉर्न तेव्हा लिव्हरपूलला अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. दोघं समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत बसून चिरूट ओढत बोलले. हॉथॉर्नने रोजनिशीत टिपून ठेवलं की याला श्रद्धाही ठेवता येत नाही आणि अश्रद्धेत स्वस्थही बसवत नाही. परतल्यावर तीन हंगाम व्याख्यानं दिली, ती जमली नाहीत. १८६३मध्ये न्यू यॉर्कला, पूर्व सव्विसाव्या रस्त्यावरच्या घरात कायमचा मुक्काम. १८६६मध्ये यादवी युद्धावरच्या कवितांचं पुस्तक.

आणि ५ डिसेंबर १८६६ला कस्टम्स. कारकून नव्हे, बंदरावर फिरून माल तपासणारा निरीक्षक. रोजचे चार डॉलर. न्यू यॉर्कचं कस्टम हाउस तेव्हा लाचखोरीसाठी बदनाम होतं. हा तिथे एकोणीस वर्षं टिकला आणि त्याच्यावर शिंतोडा उडाला नाही. १८७०मध्ये त्याने आईला लिहिलेलं एक पत्र आहे. नदीकाठी गान्सव्होर्ट नावाचा रस्ता होता आणि त्याच नावाचं हॉटेल. हा आत शिरला, बोलायला निमित्त म्हणून तंबाखूची पुडी घेतली आणि विचारलं, हा गान्सव्होर्ट कोण हो? कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका गंभीर गृहस्थाने सांगितलं की या भागात जमिनी असलेल्या कुणा श्रीमंत घराण्याचं ते नाव आहे. सेनानी पीटर गान्सव्होर्टचा नातू पुडी हातात धरून ते ऐकत उभा. हे सगळं त्याने आईला हसत हसत कळवलं आहे.

घरातले दिवस मात्र हसण्याचे नव्हते. १८६७च्या वसंतात बायकोच्या माहेरची मंडळी तिला त्याच्यापासून दूर नेण्याचा विचार करत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थोरला मुलगा माल्कम अठराव्या वर्षी स्वतःच्या पिस्तुलाच्या गोळीने गेला. धाकटा स्टॅनविक्स १८८६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आजाराने वारला. यावर मी वर्गातही जास्त बोलत नसे.

याच काळात, नोकरी सांभाळून, रात्री त्याने पॅलेस्टाइनच्या प्रवासावर ‘क्लॅरेल’ हे सुमारे अठरा हजार ओळींचं काव्य लिहिलं. आजोबांचंच नाव असलेल्या मामा पीटर गान्सव्होर्टने मरताना छपाईसाठी बाराशे डॉलर ठेवले, म्हणून ते १८७६मध्ये निघालं. तीन वर्षांनी उरलेल्या प्रती रद्दीत घातल्या गेल्या. तरी लिहिणं थांबलं नाही. १८८०च्या दशकात एलिझाबेथला माहेरकडून वारसाहक्काचे पैसे आले, तेव्हा कुठे ३१ डिसेंबर १८८५ला त्याने नोकरी सोडली. शेवटची दोन कवितापुस्तकं स्वखर्चाने, प्रत्येकी २५ प्रती. पंचवीस. खप कोसळून पंचवीसवर आला नव्हता. एवढ्याच प्रती काढायच्या, हे त्याने स्वतः ठरवलं होतं. २८ सप्टेंबर १८९१ला तो गेला. ब्रॉन्क्समधल्या वुडलॉन स्मशानभूमीत त्याच्या दगडावर कागदाची गुंडाळी कोरलेली आहे, कोरी.

‘अचानक थोर ठरला’ हेही अर्धसत्य. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याचे मोजके पण कट्टर वाचक होते आणि ते त्याला पत्रं लिहीत. त्यांतला एक हेन्री सॉल्ट. नाव ओळखीचं वाटतंय? लंडनला विद्यार्थी असताना गांधीजींनी ज्याचं शाकाहारावरचं पुस्तक वाचलं, तोच हा. त्याने १८८९मध्ये मेलव्हिलवर लेख लिहिला होता. १९१९च्या जन्मशताब्दीला ‘द नेशन’साठी लेख लिहिताना कोलंबिया विद्यापीठातल्या रेमंड वीव्हरने कागदपत्रं शोधली, १९२१मध्ये चरित्र काढलं, आणि नातीने जपलेल्या पेटीतल्या कागदांत त्याला ‘बिली बड’ या लघुकादंबरीचं हस्तलिखित सापडलं. मेलव्हिलने हस्तलिखिताच्या शेवटी १९ एप्रिल १८९१ अशी तारीख घातली होती, पण दुरुस्त्या चालूच होत्या. ते पहिल्यांदा छापलं गेलं १९२४मध्ये, पण वीव्हरच्या वाचनात चुका राहिल्या. नीट संहिता आली हेफर्ड आणि सील्ट्स या अभ्यासकांची, १९६२मध्ये. विकत घेताना एक सोपी खूण: त्यातल्या कॅप्टन व्हिअरच्या जहाजाचं नाव ‘बेलिपोटेंट’ असेल तर प्रत ठीक, ‘इंडॉमिटेबल’ असेल तर जुनी संहिता, ठेवून द्या.

आता कुठून सुरू करायचं. ‘बार्टलबी’ एका बैठकीत. मग ‘बेनिटो सेरेनो’. मग ‘टायपी’ किंवा ‘रेडबर्न’, म्हणजे लोकांना त्याच्यात काय आवडत होतं ते कळेल. नंतर ‘मोबी-डिक’, आणि कृपा करून संक्षिप्त नको. मी स्वतः शाळेत संक्षिप्त वाचून ‘झालं वाचून’ समजत होतो. त्यात दहा वर्षं गेली. संक्षिप्त आवृत्त्या पहिल्यांदा कापतात ती माहितीची प्रकरणं, आणि पुस्तकाची कळ तिथेच आहे.

उदाहरण देतो. साठावं प्रकरण फक्त दोराबद्दल आहे. हार्पूनला, म्हणजे व्हेलवर फेकायच्या भाल्याला बांधलेला दोर, जाडी इंचाचा दोन-तृतीयांश, लांबी दोनशे फॅदमच्या, म्हणजे बाराशे फुटांच्या वर. तो टबात गुंडाळलेला असतो, मागच्या खुंटाला वळसा घालून पुन्हा पुढे येतो, प्रत्येक वल्ह्यावरून, प्रत्येक माणसाच्या मनगटाला घासून. व्हेलला हार्पून लागला की हा दोर सूं करत सुटतो, आणि बोटीतला प्रत्येक जण त्या वेटोळ्यांच्या मधोमध बसलेला असतो. वाचताना वाटतं, एवढा तपशील कशाला? पंचाहत्तर प्रकरणांनंतर एहॅब शेवटचा हार्पून फेकतो आणि तोच दोर त्याच्या गळ्याला पडून तो बोटीबाहेर ओढला जातो. मेलव्हिल हे दोन-तीन ओळींत उरकतो. कारण सांगायचं ते त्याने आधीच सांगून ठेवलेलं आहे. साठावं कापलं की त्या ओळी नुसता अपघात उरतात.

आणि कुठलंच प्रकरण आधी चाखून बघायचं नसेल तरी पंचावन्नावं बघा. व्हेलची चुकीची चित्रं कुणी कुणी काढली याची ती यादी आहे, आणि सुरुवातीलाच घारापुरी येते. व्हेलचं सगळ्यात जुनं चित्र एलिफंटाच्या लेण्यात आहे, विष्णूचा मत्स्यावतार, असं तो ठणकावून सांगतो, आणि वर शेपटी चुकली म्हणून मूर्तिकाराला नावंही ठेवतो. मेलव्हिल हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. घारापुरीचं मोठं लेणं शंकराचं आहे. तिथे गंगाधर आहे, अर्धनारीश्वर आहे, रावण कैलास हलवतो आहे. मी विद्यार्थ्यांना घेऊन दोनदा गेलो, दोन्ही वेळा पोरांनी बॅटरी मारून कोपरे धुंडाळले. मासा नाही.